आवाज वाढला की रिसीव्हर बंद पडतो: बाहेरचा अ‍ॅम्प जोडण्याआधी आणि जोडल्यावर

चित्रपट रंगात आलेला असतो. मोठा सीन सुरू होतो, सबवूफरने सोफा थरथरायला लागतो आणि नेमकं तेव्हाच रिसीव्हरमधून (सिनेमाचा आवाज घेऊन सगळे स्पीकर वाजवणाऱ्या पेटीतून) 'टक्' असा रिलेचा, म्हणजे आतल्या आपोआप तुटणाऱ्या स्विचचा, आवाज येऊन सगळं शांत होतं. पडद्यावर चित्र नाही, स्पीकरला आवाज नाही, रिसीव्हरच्या तोंडावरचा दिवा लाल होऊन लुकलुकतोय. पाच-दहा मिनिटांनी बटण दाबलं की बिचारा मुकाट चालू होतो. तोच सीन पुन्हा लावा, पुन्हा टक्.

आमच्या कोथरूडच्या घरात हे दीड वर्ष चाललं. सर्व्हिसला दोनदा नेला. दोन्ही वेळा 'आमच्याकडे व्यवस्थित चालतोय' असं सांगून परत मिळाला, आणि ते खरंच होतं, हे मला फार उशिरा कळलं. तिथे तो उघड्या टेबलावर चालत होता, आमच्या घरात नाही. दुकानात विचारलं की एकच सल्ला मिळायचा: 'रिसीव्हरची ताकद कमी पडते, बाहेरून पॉवर अ‍ॅम्प जोडून टाका.' शेवटी आम्ही अ‍ॅम्प जोडलाच, पण आमच्या दुखण्याच्या तीन कारणांपैकी एकावरचाच तो इलाज होता. बाकीची दोन जवळजवळ फुकटात सुटली. अ‍ॅम्प आल्यावर एक नवीनच त्रास सुरू झाला, त्याचंही खाली लिहिते.

दिवा लुकलुकतो म्हणजे काय

असं बंद पडणं म्हणजे रिसीव्हरने स्वतःचा जीव वाचवणं. याला प्रोटेक्शन म्हणतात. आतलं सर्किट सतत काही गोष्टींवर नजर ठेवून असतं: स्पीकरकडे किती करंट जातोय, आउटपुट ट्रान्झिस्टर ज्यावर बसवलेत तो हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, किती तापलाय, स्पीकरच्या टोकांवर कधीच येऊ नये तो डीसी (बॅटरीसारखा एकाच दिशेचा) व्होल्टेज येतोय का. यातलं काहीही हद्दीबाहेर गेलं की रिले सुटतो.

बऱ्याच कंपन्या दिव्याच्या लुकलुकण्यातून कारणही सांगतात. डेनॉनच्या पुस्तिकेत लाल दिवा साधारण दोन सेकंदांच्या अंतराने लुकलुकला तर तापमान, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने लुकलुकला तर स्पीकरच्या वायरींचा शॉर्ट, असं दिलेलं असतं. इतर कंपन्यांच्या खुणा वेगळ्या. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या. हे पाच मिनिटांचं काम मी सगळ्यात शेवटी केलं, तुम्ही सगळ्यात आधी करा.

दिव्याइतकंच घड्याळही बोलतं. चालू करताच, आवाज शून्यावर असतानाही बंद पडत असेल तर शॉर्ट किंवा आतला बिघाड. सगळ्या स्पीकर वायरी काढून चालू करा. तरीही बंद पडला तर घरी काही करता येणार नाही, सर्व्हिसलाच न्या. (झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.) तास-दीड तासाने शांत सीनमध्येही बंद पडत असेल तर उष्णता. थंड असतानाही फक्त मोठ्या आवाजालाच बंद पडत असेल तर करंट. आमचा पहिल्या अर्ध्या तासात कधीच बंद पडला नाही आणि तासाभरानंतर मोठ्या आवाजाला हमखास पडायचा. म्हणजे उष्णता आणि करंट दोघांची मिळून करणी होती.

आधी वायरी

प्लग काढा, टॉर्च घ्या आणि रिसीव्हरच्या मागे डोकं घाला. नाशिकला माझ्या मावसभावाकडे असाच त्रास होता. सेंटर स्पीकरच्या टर्मिनलपाशी तांब्याची केसाएवढी बारीक एक तार लाल बाजूच्या पिळातून सुटून काळ्याच्या धातूपर्यंत पोचली होती. सबवूफर घुमला की फळी थरथरायची, तार टेकायची, रिसीव्हर बंद. टॉर्च तिरका धरला तेव्हा ती चमकली, सरळ धरल्यावर दिसतच नव्हती. टोकं पुन्हा सोलून, घट्ट पिळून बसवली, आजतागायत तक्रार नाही. वायरीच्या टोकांना केळ्या, म्हणजे बनाना प्लग नावाच्या धातूच्या पिना, लावल्या तर हा धोकाच उरत नाही. स्पीकरच्या बाजूचं टोकही असंच तपासा, लोक ते विसरतात.

वायर कसली आहे तेही पाहा. स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळ वायरी तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. ब्लेडने एक तार खरवडली आणि खाली पांढरं निघालं तर ओळखा. रिसीव्हर बंद पडण्याचं कारण ती नसेल, पण त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा तिचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, जास्त, आणि टोकं लवकर मोडतात. दहा मीटर लांब वायर म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्यात तेवढ्याचा रोध सुमारे ०.२३ ओहम, अडीचच्या वायरीत ०.१४. चार ओहमच्या स्पीकरला अडीचची घ्या आणि तो विषय संपवा.

टीव्ही युनिट

आपल्याकडे हे कारण सगळ्यात जास्त घरांत असतं आणि सगळ्यात कमी लोक त्याकडे पाहतात.

आमच्या सुताराने फार सुबक युनिट केलं होतं. प्लायवूड, वर सनमायका, पुढे काचेचं दार, मागे भिंतीला टेकलेली पाठ, वायरींसाठी एक गोल भोक. रिसीव्हर त्या कप्प्यात असा बसला होता की वर जेमतेम दोन बोटांची फट. वर सेट-टॉप बॉक्स ठेवलेला, म्हणजे उष्णता बाहेर जायच्या जाळीवरच झाकण. मे महिन्यात एकदा भिंतीवरचं थर्मामीटर आत ठेवून दार लावलं आणि दोन तासांनी काढलं. हॉलमध्ये ३६ अंश, कप्प्यात ५२. चालू असलेल्या रिसीव्हरला ती ५२ अंशांची हवा 'गार' म्हणून मिळत होती.

सुतारदादांना बोलावलं. ते म्हणाले, 'ताई, पाठ कापली तर युनिटची शोभा जाईल.' मी म्हटलं, 'मागून कोण बघतंय, कापा.' पाठीचा जवळजवळ सगळा भाग काढला, युनिट भिंतीपासून चार बोटं पुढे घेतलं, सेट-टॉप बॉक्स खालच्या कप्प्यात गेला आणि काचेचं दार सिनेमाच्या वेळी उघडं ठेवायचं ठरलं. रिसीव्हरच्या वर निदान वीतभर जागा हवी, बाजूंना चार-पाच इंच. तेवढी उंची नसेल तर कॉम्प्युटरचा १२० मिलिमीटरचा पंखा कमी वेगाने, गरम हवा बाहेर ओढेल असा बसवा. कमी वेगात त्याचा आवाज येत नाही.

धूळही काढा. वरच्या जाळीवर धुळीचं पांघरूण बसलं की उघडी जागाही कामाची नाही. ब्लोअर बाहेरूनच मारा. पावसाळ्यात पाली उबेला जाळीतून आत शिरतात आणि सर्किट बोर्डवर शॉर्ट होऊन मरतात, दुरुस्ती करणाऱ्या कुणालाही विचारा. बारीक नायलॉन जाळी युनिटच्या पाठीला लावा, रिसीव्हरच्या अंगाला मात्र नको.

ओहम आणि 'लार्ज'

आमचे पुढचे तीन स्पीकर चार ओहमचे निघाले. घेताना हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. स्पीकरच्या मागे लिहिलेलं असतं. पट्टी निघून गेली असेल तर रिसीव्हरपासून वायर सोडवून मल्टिमीटरने मोजा: आठ ओहमचा स्पीकर डीसी रोध साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवतो, चारचा तीन ते साडेतीन.

फरक काय पडतो ते आकड्यांत बघा. रिसीव्हरने २० व्होल्ट दिले तर आठ ओहममधून अडीच अँपिअर जातात, ५० वॅट. चार ओहममधून पाच अँपिअर, १०० वॅट. करंट दुप्पट, आणि आतल्या ट्रान्झिस्टरवर जळणारी उष्णताही दुप्पट. शिवाय 'चार ओहम' हा नाममात्र आकडा आहे. आयईसी ६०२६८-५ या मानकाप्रमाणे स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे वाजत असतानाचा रोध, नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांपर्यंत खाली जाऊ शकतो, म्हणजे ३.२ ओहम. जिथे ढोल आणि स्फोट वाजतात त्या खालच्या सुरांत तो असा उतरला की रिसीव्हरची कसोटी लागते.

मेन्यूत चार किंवा सहा ओहमची सेटिंग असते, ती करून टाकावी असं वाटतं. मी केली. बंद पडणं थांबलं, पण मोठ्या सीनमध्ये संवाद फाटायला लागले. ही सेटिंग साधारणपणे आतला व्होल्टेज कमी करते. उष्णता घटते आणि तिच्याबरोबर ताकदही, त्यामुळे आवाजाचं शिखर आधीच कापलं जातं. हवा खेळती झाल्यावर मी ती परत आठवर नेली.

खरा फरक दुसऱ्या सेटिंगने पडला. माइक लावून ऑटो कॅलिब्रेशन केलं, म्हणजे रिसीव्हरलाच स्पीकर मोजून सेटिंग ठरवू दिलं, की रिसीव्हर पुढच्या मोठ्या स्पीकरांना बहुतेक वेळा 'लार्ज' ठरवतो, म्हणजे २० हर्ट्झपर्यंतचे सगळे खालचे सूर त्यांनाच पाठवतो. हे सूर सगळ्यात जास्त करंट खातात. सबवूफरला स्वतःचा अ‍ॅम्प असतो, तो याच कामासाठी घरात आलेला आहे. म्हणून कॅलिब्रेशननंतर हाताने सगळे स्पीकर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवा. सिनेमाच्या आवाजाचे मापदंड ठरवणाऱ्या टीएचएक्सचा शिफारस केलेला आकडाही हाच. 'एलएफई प्लस मेन' किंवा 'डबल बास' असं, खालचे सूर सबवूफरबरोबर स्पीकरांनाही पाठवणारं, काही चालू असेल तर बंद करा. माझे मोठे टॉवर स्पीकर आणि त्यांना 'स्मॉल' कसं म्हणू, असं वाटू देऊ नका. तो शब्द आकाराबद्दल नाही, कामाच्या वाटणीबद्दल आहे.

युनिट उघडं केलं, 'स्मॉल' केलं, आणि दिवाळीपासून मार्चपर्यंत रिसीव्हर एकदाही बंद पडला नाही. एप्रिलच्या एका रविवारी पुन्हा टक्.

मग खरंच ताकद कमी पडते का?

इथे आकडेमोड करावी लागते. वहीत एकदा मांडली की दुकानदाराच्या सल्ल्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

सिनेमाचा आवाज बसवताना ठरवलेली पातळी अशी असते की प्रत्येक मुख्य चॅनेलचं (एका स्पीकरला जाणाऱ्या स्वतंत्र आवाजाचं) शिखर बसण्याच्या जागी १०५ डेसिबलपर्यंत जावं. कॅलिब्रेशन नीट झालेल्या रिसीव्हरवर ही पातळी म्हणजे व्हॉल्यूम ०. −१५ वर ठेवला तर शिखर ९० डेसिबल.

आता स्पीकर. आमच्या स्पीकरच्या कागदावर ८७ डेसिबल, २.८३ व्होल्टला, एक मीटरवर, असं आहे. आठ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॅट, पण चार ओहमला ते दोन वॅट होतात. म्हणजे एका वॅटला आमचा स्पीकर ८४ डेसिबलच देतो. ही मेख कागदावर कुठेही लिहिलेली नसते. सोफा तीन मीटरवर, त्यासाठी साडेनऊ वजा. खोलीच्या भिंतींमुळे दोन-अडीच परत मिळतात. राहिले सुमारे ७७.

पुढचा नियम सोपा: तीन डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट, दहा डेसिबल वाढवायला दहापट. −१५ वर शिखर ९०, म्हणजे ७७ च्या वर १३ डेसिबल, म्हणजे २० वॅट. कुठलाही रिसीव्हर हसत देईल. पण आमच्या बाबांना कमी ऐकू येतं. आम्ही −८ वर बघतो. शिखर ९७, वर २० डेसिबल, १०० वॅट. तेही चार ओहममध्ये, एकाच वेळी पुढच्या तिन्ही स्पीकरांना. क्षणभरच लागतात, पण लागतात.

रिसीव्हर किती देतो? खोक्यावर मोठ्या अक्षरात '१५० वॅट' असेल तर शेजारचं बारीक वाचा. '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १ चॅनेल, १० टक्के विकृती' असं असेल तर तो आकडा एकाच सुरावर, एकच चॅनेल चालू ठेवून, आवाज फाटलेला असताना मोजलेला आहे. '८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, २ चॅनेल, ०.०८ टक्के' असा आकडा शोधा. तो बराच लहान असतो आणि तोच धरा. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने वॅटच्या जाहिरातींसाठी १९७४ साली नियम केला आणि २०२४ मध्ये तो कडक करून ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, एक टक्क्याहून कमी विकृती या अटींवरचा आकडा छापायला लावला. आपल्याकडे खोक्यावर दोन्ही तऱ्हेचे आकडे दिसतात. आणि हा प्रामाणिक आकडाही दोनच चॅनेल चालू असतानाचा. सात किंवा नऊ चॅनेल एका ट्रान्सफॉर्मरमधून वाटून घेतात तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येतं.

(रिसीव्हरच्या पाठीवरचा 'पॉवर कन्झम्प्शन' आकडा चॅनेलच्या संख्येने भागून निष्कर्ष काढणारे लोक आहेत. तो आकडा जास्तीत जास्त किती ओढेल याचा नसतो, ठरावीक कमी भारावर मोजलेला असतो. त्या भागाकाराला अर्थ नाही.)

हे गणित तुमच्या घरासाठी करा. आठ ओहमचे, ८८ किंवा त्याहून जास्त डेसिबलचे स्पीकर, दहा बाय बाराची खोली, व्हॉल्यूम −१५ च्या आसपास, असं असेल तर बाहेरच्या अ‍ॅम्पवर पैसे घालू नका. त्या पैशात दुसरा सबवूफर घ्या किंवा खोलीत जाड पडदे आणि गालिचा, फरक जास्त कळेल. १०० च्या जागी २०० वॅट आणले तर मिळतात तीनच डेसिबल.

रिसीव्हर निवडताना एकच गोष्ट आधी बघा

प्री-आउट. रिसीव्हरच्या पाठीवर प्रत्येक चॅनेलसाठी आरसीएचं भोक, ज्यातून अ‍ॅम्प्लिफाय न झालेला सिग्नल बाहेर येतो. ते नसेल तर बाहेरचा अ‍ॅम्प सरळ जोडताच येत नाही. स्वस्त मॉडेलांत फक्त सबवूफरचं प्री-आउट असतं. स्पीकरच्या वायरीतून सिग्नल काढून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण तो मार्ग मी कुणाला सुचवणार नाही, कारण आधीच्या अ‍ॅम्पची विकृती त्यात तशीच पुढे जाते. आज नाही तर उद्या अ‍ॅम्प जोडायचा विचार असेल तर निदान पुढच्या तिघांसाठी, म्हणजे डावा, उजवा आणि सेंटर, प्री-आउट असलेलाच रिसीव्हर घ्या. डॉल्बी अ‍ॅटमॉसचे छतावरचे स्पीकर पुढेमागे वाढवायचे असतील तर 'प्रोसेसिंग किती चॅनेल, अ‍ॅम्प किती' हे वेगवेगळं विचारा. डेनॉनचा एव्हीआर-एक्स३८००एच हा ११ चॅनेल प्रोसेस करतो पण आतले अ‍ॅम्प ९ आहेत, उरलेल्या दोन चॅनेलांना बाहेरचा अ‍ॅम्प लागतोच. डेनॉन आणि मरांट्झच्या अलीकडच्या काही मॉडेलांत प्री-अ‍ॅम्प मोडही आहे. त्यात न वापरलेले आतले अ‍ॅम्प सोडवले जातात आणि प्री-आउटचा सिग्नल जास्त व्होल्टपर्यंत स्वच्छ राहतो.

अ‍ॅम्प आम्ही तीन चॅनेलचाच घेतला. मागचे आणि वरचे स्पीकर फार कमी ताकद मागतात, ते रिसीव्हरवरच ठेवले. पुढच्या तिघांचं ओझं उतरल्यावर रिसीव्हरचा अख्खा ट्रान्सफॉर्मर त्यांच्या दिमतीला राहतो आणि तो तापतही नाही. 'चार ओहमला चालतो' असं अ‍ॅम्पच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं हवं.

क्लास एबी की क्लास डी, म्हणजे बनवण्याच्या दोन पद्धतींपैकी कुठली, यावर खूप वाद घातला जातो. आवाजावरून मला दोघांत निवड करता आली नाही, जागेवरून करता आली. क्लास एबी जड असतो आणि नुसता चालू ठेवला तरी तापतो. आमच्या युनिटचा इतिहास पाहता मी क्लास डी घेतला. नेदरलँड्सच्या हायपेक्स किंवा डेन्मार्कच्या आइसपॉवर कंपनीचे मॉड्यूल घालून बनवलेले अ‍ॅम्प मिळतात, हलके आणि गार राहणारे. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला डीजेचे अ‍ॅम्प त्याहून स्वस्तात जास्त वॅट देतात, मोह होतो. त्यांचा पंखा एकदा शांत खोलीत ऐकून बघा. कुजबुजीचा सीन आला की पंखाच ऐकू येतो. मंडळाच्या भोंग्यांसाठीचे १०० व्होल्ट लाइनचे अ‍ॅम्प तर या कामाचेच नाहीत.

अ‍ॅम्प जोडला आणि हम् सुरू झाला

पहिल्या संध्याकाळी अ‍ॅम्प लावला. आवाज लावायच्या आधीच तिन्ही स्पीकरांतून 'हम्म्म', जुन्या ट्यूबलाइटच्या चोकसारखा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा हा सूर, ग्राउंड लूपची, म्हणजे दोन अर्थिंगमधून बनलेल्या फेऱ्याची खूण. व्हॉल्यूम कमी-जास्त केला तरी तो तेवढाच राहतो. (सूं असा हिस् येत असेल तर ते वेगळं, अ‍ॅम्पचा गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण, जास्त आहे. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर चिरचिर बदलत असेल तर दोष तिथे.)

एकेक तोडत जायचं. प्रत्येक वेळी अ‍ॅम्प बंद करून केबल काढायची आणि मग चालू करून ऐकायचं. आधी अ‍ॅम्पच्या आरसीए केबली काढल्या: हम् गेला, म्हणजे अ‍ॅम्प निर्दोष. परत लावल्या, रिसीव्हरच्या सगळ्या एचडीएमआय काढल्या: गेला. एकेक लावत गेले आणि सेट-टॉप बॉक्सची लावताच परत आला. मग बॉक्सच्या मागची केबलवाल्यांची कोअ‍ॅक्स केबल उलटी फिरवून सोडवली. हम् एकदम थांबला, खोलीत कुणीतरी पंखा बंद केल्यासारखं वाटलं. गच्चीवरून येणारी ती केबल आपल्यासोबत दुसरीकडचं अर्थिंग घेऊन येते आणि आपल्या अर्थिंगशी तिचा फेरा पूर्ण होतो.

यावर कोअ‍ॅक्ससाठी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर मिळतो, बोटाएवढा. तो सिग्नल जाऊ देतो, पण अर्थिंगचा जोड तोडतो. केबल टीव्हीला तो चालतो. डीटीएच असेल तर तो लावू नका, कारण छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा त्याच केबलमधून जातो आणि आयसोलेटर तो अडवतो. तिथे बॉक्स आणि रिसीव्हर यांच्यामध्ये ऑप्टिकल केबल वापरून बघा.

बऱ्याच ठिकाणी सांगतात की प्लगची तिसरी, अर्थची पिन काढून टाका, हम् जातो. जातो, हे खरं. पण मग आत एखादी फेज वायर सुटली तर अ‍ॅम्पच्या धातूच्या पेटीला २३० व्होल्ट येतात आणि फ्यूज उडायला वाटच उरत नाही. हे कृपया कधीही करू नका. लहान मुलं त्या पेटीला हात लावतात.

आमच्याकडे अर्थिंगचीच आणखी एक गोष्ट निघाली. इलेक्ट्रिशियनदादांनी सॉकेट उघडलं आणि म्हणाले, 'ताई, तिसऱ्या भोकात वायरच नाही.' ही इमारत तीस वर्षांपूर्वीची, टीव्हीच्या पॉइंटला अर्थ कधी ओढलाच नव्हता. त्यांनी बोर्डापासून अर्थ आणून जवळच एक पंधरा अँपचा पॉइंट केला. आता रिसीव्हर, अ‍ॅम्प, सबवूफर तिन्ही त्याच एका पॉइंटवर आहेत, वेगवेगळ्या भिंतींवर नाहीत. तुम्ही मल्टिमीटरने बघू शकत असाल तर फेज आणि अर्थ यांच्यात न्यूट्रलइतकाच व्होल्टेज यायला हवा, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्टच. सवय नसेल तर हे काम त्यांच्यावरच सोपवा.

अ‍ॅम्प चालू करताना एमसीबी पडत असेल तर घाबरू नका. मोठा टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर पहिल्या क्षणी खूप करंट ओढतो. सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे हा पहिला करंट आवरणारी सोय, असलेला अ‍ॅम्प घ्या, आणि रिसीव्हरच्या १२ व्होल्ट ट्रिगरची केबल अ‍ॅम्पला जोडा म्हणजे रिसीव्हरच्या मागोमाग तो आपोआप चालू-बंद होतो.

शेवटी लेव्हल

नवीन अ‍ॅम्पचा गेन आतल्या अ‍ॅम्पइतका नसतो, म्हणून कॅलिब्रेशन पुन्हा केलंच पाहिजे, नाहीतर पुढचे तीन स्पीकर मागच्यांवर ओरडतात. टीएचएक्सने ठरवलेला गेन २९ डेसिबल आहे, म्हणजे एका व्होल्टचे २८ व्होल्ट, आठ ओहममध्ये सुमारे १०० वॅट. आमच्या अ‍ॅम्पचा गेन याहून जास्त निघाला. कॅलिब्रेशनने सेंटरला −१२ दिलं, तीच आमच्या रिसीव्हरची खालची हद्द, म्हणजे खरं तर त्याहून कमी करायला हवं होतं आणि जागा उरली नव्हती. असा टोकाचा आकडा दिसला की त्यावर विश्वास ठेवू नका. अ‍ॅम्पला गेनचं बटण असेल तर खाली आणा, नसेल तर आरसीएमध्ये घालायचे, सिग्नल कमी करणारे अ‍ॅटेन्युएटर मिळतात. मी गेन खाली आणला, कॅलिब्रेशन पुन्हा केलं, सेंटर −५ वर आला. मग नेहमीप्रमाणे हाताने सगळे 'स्मॉल', ८० हर्ट्झ.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर ३९ अंश असताना, तोच सिनेमा लावला. दीड तासाने तोच सीन आला. मी युनिटपाशी उभी राहून रिसीव्हरच्या झाकणावर तळहात ठेवला होता. पूर्वी तिथे हात दोन सेकंदही टिकत नसे, आता ठेवून उभं राहता येत होतं. सीन संपला, दिवा हिरवाच. बाबांनी रिमोट घेतला आणि आवाज −८ वरून −१२ वर आणला. 'एवढा मोठा कशाला,' म्हणाले, 'आता शब्द कळतायत.'